शब्दांची बैठक : संगीन

आमच्या बहिणीचा मुलगा नववीत आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत जातो, घरी दादीशी उर्दू-दखनी बोलतो आणि दोन्हीकडचे शब्द खिशात एकत्र ठेवतो. गेल्या महिन्यात त्याने निबंधात लिहिले, 'वादळानंतर गावातली परिस्थिती फार संगीन झाली होती.' गुरुजींनी 'संगीन' या शब्दाभोवती लाल गोल काढला. समासात लिहिले, 'संगीन म्हणजे बंदुकीचे पाते. येथे योग्य शब्द : गंभीर.' आणि अर्धा गुण कापला.

अर्ध्या गुणाचे दुःख आम्हाला नव्हते. मुलगा घरी आला आणि दादीला म्हणाला, "दादी, तुम्ही चुकीचं बोलता. तुमच्यामुळे माझा मार्क गेला." दादी काही बोलल्या नाहीत. तसबीह घेऊन आतल्या खोलीत गेल्या. जेवताना त्यांनी त्याला रोजच्यासारखे "और एक रोटी ले" म्हटले नाही, एवढेच.

त्या रात्री आम्ही शब्दकोश काढून बसलो. एका शब्दाने घरात इतके अंतर पाडले, तर तो शब्द नीट पाहिलाच पाहिजे. आणि पाहता पाहता आम्ही फ्रान्सपासून पेशावरपर्यंत आणि तिथून थेट आमच्या स्वयंपाकघरातल्या दिव्यापर्यंत फिरून आलो. या महिन्याची बैठक त्याच एका शब्दाची.

आधी दादींची बाजू. 'संग' हा फारसी शब्द, अर्थ दगड. 'संगीन' म्हणजे दगडाचा, दगडासारखा. म्हणून जड, भक्कम, कठीण. यातून उर्दूत आणि हिंदीत 'संगीन जुर्म', 'संगीन मामला', 'संगीन हालात' असे प्रयोग आले. गुन्हा दगडासारखा जड, सहज उचलून बाजूला ठेवता येणार नाही असा. दादी म्हणतात तो अर्थ हा आहे आणि तो अगदी बरोबर आहे.

आता गुरुजींची बाजू. मराठीत 'ती संगीन' म्हटले की डोळ्यांसमोर येते बंदुकीच्या नळीच्या टोकाला लावलेले टोकदार पाते, इंग्रजीत ज्याला बायोनेट म्हणतात ते. 'संगिनीच्या जोरावर राज्य केले', 'संगिनी रोखून उभे राहिले', ही वाक्ये आपण शाळेच्या इतिहासातच वाचलेली असतात. तेव्हा गुरुजीही चुकले नाहीत. फक्त मराठीच्या जुन्या कोशांत याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : भक्कम, मजबूत. 'काम संगीन झाले' म्हणजे काम पक्के झाले. तो अर्थ हल्ली बोलण्यातून गेला, पण तो मराठीचाच होता आणि दादींच्या अर्थाचा सख्खा भाऊ होता.

गंमत अशी की खुद्द इराणात संगीन म्हणजे मुख्यतः जड. बाजारातली पिशवी संगीन असू शकते. बंदुकीच्या पात्याला तिकडे 'सरनेज़ा' म्हणतात, म्हणजे भाल्याचे टोक. तुर्कीत त्याला 'सुंगू' म्हणतात. पात्यासाठी 'संगीन' हा शब्द रुळला तो आपल्या हिंदुस्थानात, उर्दू-हिंदी-मराठीच्या मुलखात.

या 'संग'चे बाकीचे कुटुंब तर आपल्या घरातच राहते. संगमरवर हा 'संग-ए-मरमर'. संगतराश म्हणजे दगड घडवणारा, संगदिल म्हणजे दगडाच्या काळजाचा. ज्याला अरबीत 'अल-हजर अल-असवद' म्हणतात, त्या काबागृहाच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाला उर्दूत 'संग-ए-असवद' असेही म्हणतात. आणि मराठीत आपण सर्रास म्हणतो, 'तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.' हा 'पासंग' म्हणजे तराजूची दोन पारडी सारखी करायला हलक्या बाजूला टाकायचा छोटा दगड, वजन. त्यातला 'संग' तोच. किराणा दुकानात उभे राहून ही म्हण वापरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपण आत्ता फारसी बोललो?

मात्र प्रत्येक 'संग' दगडाचा नसतो, हेही मुलांना सांगायला हवे. संस्कृत 'संग' म्हणजे सोबत. संगत, सत्संग, संगिनी हे त्यातले. आता पाहा : बायोनेट एक असेल तर 'संगीन', अनेक असतील तर मराठीत 'संगिनी'. आणि हिंदी लग्नपत्रिकेत बायकोसाठी 'जीवनसंगिनी'. लिहायला दोन्ही एकच. दोन्हींत गोंधळ करणाऱ्याचे घर कसे चालत असेल, ते आमच्या विवाहित वाचकांनी ठरवावे.

तर आता त्या पात्याची गोष्ट. फ्रान्सच्या नैऋत्य टोकाला, स्पेनच्या सीमेजवळ, आदूर आणि नीव्ह या दोन नद्यांच्या संगमावर बायॉन नावाचे शहर आहे. हे शहर चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेले होते. तिथला कमरेला लटकवायचा सुरा तो 'बायोनेत'. 1611 मध्ये लंडनला छापलेल्या कॉटग्रेव्ह यांच्या फ्रेंच-इंग्रजी कोशात हा शब्द आहे, पण तिथे त्याचा बंदुकीशी काही संबंध नाही. ती नुसती कट्यार आहे.

याच बायॉनची दुसरी ओळख आजही गोड आहे. स्पेन-पोर्तुगालमधून धर्माच्या छळाला कंटाळून पळालेली यहुदी कुटुंबे सतराव्या शतकात या शहराच्या वेशीवर येऊन राहिली आणि त्यांनी इथे चॉकलेट बनवण्याची कला आणली. त्याच शतकाच्या सुरुवातीला, 1609 पासून पुढच्या काही वर्षांत, स्पेनने आपल्याकडच्या मुस्लिम वंशाच्या लाखो मोरिस्को लोकांनाही देशाबाहेर काढले होते. एकाच शहराने जगाला सुऱ्याचे नावही दिले आणि बेघरांना आसरा देऊन मिठाईची कलाही मिळवली. माणसांचे तसेच शहरांचे. एकाच हाताने दोन्ही कामे होतात.

हा सुरा बंदुकीला का लागला? त्या काळच्या बंदुका ठासणीच्या. एक गोळी झाडली की पुन्हा दारू भरायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. तेवढ्यात घोडेस्वार अंगावर येत. म्हणून बंदूकवाल्यांच्या रक्षणासाठी लांब भाले घेतलेले वेगळे शिपाई उभे करावे लागत. सतराव्या शतकाच्या मध्याला फ्रेंच सैन्यात एक युक्ती आली : सुऱ्याची लाकडी मूठ बंदुकीच्या नळीच्या तोंडातच बुचासारखी ठोकायची. बंदुकीचा झाला भाला. वेगळ्या भालेवाल्याची गरज उरली नाही.

पण या बुचाच्या संगिनीत एक मोठी खोट होती. ती बसवली की बंदुकीचे तोंड बंद. गोळी झाडायची तर संगीन काढा, संगीन हवी तर गोळी विसरा. 27 जुलै 1689 ला स्कॉटलंडमध्ये किलीक्रँकी नावाच्या खिंडीजवळ याचा धडा मिळाला. सरकारी फौजेचे सेनापती होते ह्यू मॅके. डोंगरावरून हायलँडचे लोक तलवारी घेऊन धावत खाली आले. शिपायांनी एक फैर झाडली आणि संगिनी नळीत ठोकायला घेतल्या. त्या बसेपर्यंत तलवारी येऊन पोचल्या होत्या. सरकारी फौजेची धूळधाण झाली.

त्याच सुमारास उपाय निघाला. फ्रान्सचे प्रसिद्ध किल्लेबांधणीकार वोबाँ यांचे नाव या सुधारणेशी जोडले जाते. पात्याला मुठीऐवजी एक पोकळ नळी लावली आणि त्या नळीत वळणदार खाच कापली. बंदुकीच्या नळीवर एक छोटा खुंटा. पोकळ नळी वरून सरकवायची, खुंटा खाचेत शिरला की जरा फिरवायची, की संगीन घट्ट. आणि नळीचे तोंड मोकळे. गोळीही झाडा, भोसकाही. अठरावे शतक उजाडता उजाडता युरोपातल्या फौजांतून लांब भाला जवळजवळ गेलाच. ही 'सरकवा आणि फिरवा' युक्ती लक्षात ठेवा. आपल्याला पुढे तिचे काम आहे.

मग दोनशे वर्षे संगीन हे फौजेचे मोजमापही होते. जुन्या लढायांच्या वर्णनांत 'इतक्या हजार संगिनी आणि इतक्या शे तलवारी' असे लिहिलेले असते. संगिनी म्हणजे पायदळ, तलवारी म्हणजे घोडदळ. माणसाची गणती त्याच्या हातातल्या पात्याने! आपल्याकडच्या जुन्या मराठा पलटणींतही दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असत. आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरात पणजोबांचे पदक पेटीत जपलेले असेल. त्या काळच्या कागदावर तेही एक संगीनच होते.

प्रत्यक्षात मात्र या हत्याराने जेवढी माणसे मेली त्याहून कितीतरी अधिक घाबरली. नेपोलियनच्या फौजेतले शल्यवैद्य लारे यांनी एका हातघाईच्या चकमकीनंतर जखमा मोजल्या, तेव्हा बंदुकीच्या गोळीच्या 119 निघाल्या आणि संगिनीच्या फक्त 5. समोरून चकाकणाऱ्या पात्यांची रांग चालत येताना दिसली की बहुतेक वेळा एक बाजू पळून जाई. संगिनीचे खरे काम धाक हे होते.

म्हणूनच धाकाने चालवलेल्या राज्याला तिचे नाव मिळाले. 1887 मध्ये हवाई बेटांच्या राजा कालाकौआ यांच्याकडून, हत्यारबंद लोकांच्या दबावाखाली, त्यांचेच अधिकार काढून घेणारी राज्यघटना सही करून घेतली. इतिहासात तिचे नावच 'संगिनीची राज्यघटना' असे पडले.

आणि धाक चालला नाही, तर काय होते? 23 एप्रिल 1930. पेशावरचा किस्साख्वानी बाजार, म्हणजे किस्से सांगणाऱ्यांचा बाजार. खान अब्दुल गफ्फार खान यांच्या अटकेनंतर लोक रस्त्यावर आले. त्यांत त्यांचे खुदाई खिदमतगार होते, अहिंसेची शपथ घेतलेले पठाण, हातात काही नाही. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुष्कळ माणसे मेली. पण त्याच दिवशी रॉयल गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने चंद्रसिंह गढवाली यांच्यामागे उभे राहून निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला. हिंदू गढवाली शिपाई, समोर मुसलमान पठाण, वर इंग्रजी हुकूम. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. बंदूक हातात असूनही ती न चालवणे हेही शौर्यच, हे त्या दिवशी बाजाराने पाहिले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि शहर फौजेच्या ताब्यात गेले. पुढे 12 जानेवारी 1931 ला येरवड्याला चौघांना फाशी दिली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही चार नावे एका दमात घ्यायची सवय मुलांना लावावी. इतिहासात ती एकत्रच आहेत.

अरबीत संगिनीला 'हरबा' म्हणतात. हा शब्द फार जुना. हदीसमध्ये तो आखूड भाल्यासाठी आला आहे. इब्न उमर (रजि.) यांच्याकडून आलेली बुखारी शरीफमधली रिवायत आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल : ईदच्या दिवशी पैगंबर मुहम्मद (स.) मोकळ्या मैदानात नमाजला जात, तेव्हा त्यांच्यापुढे हरबा रोवला जाई आणि त्याचा आडोसा, म्हणजे सुतरा, करून ते नमाज पढत. जे टोक माणसाकडे वळायचे, ते जमिनीत गेले आणि सजद्याची हद्द झाले. आणखी एका हदीसचा आशय असा की मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने ते टोकाकडून धरावेत, कोणा मुसलमानाला ओरखडाही उठू नये. गर्दीत धारदार वस्तू कशी न्यावी, याची शिकवण यापेक्षा थोडक्यात देता येणार नाही. कुर्बानीच्या दिवसांत सुऱ्या ने-आण करणाऱ्या आमच्या तरुणांनी ती घरून निघताना आठवावी.

रणांगणावरही हे पाते नेहमी माणसाकडेच वळले असे नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात शिपाई संगीन उलटी करून जमिनीत रोवत आणि तिच्या पोकळ नळीत मेणबत्ती बसवून घरी पत्रे लिहीत. जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायलाही संगीन तिरकी धरून हलक्या हाताने माती टोचत पुढे जातात. एके प्रकारच्या रशियन संगिनीचे पाते म्यानाला अडकवले की तारा कापायची कात्री होते. आणि मेलेल्या सोबत्याची बंदूक उलटी करून जमिनीत रोवायची, दस्त्यावर त्याचे शिरस्त्राण ठेवायचे, ही कबरीची खूण तर जगभर ओळखीची झाली. दिल्लीच्या इंडिया गेटखाली 1972 मध्ये उभारलेल्या अमर जवान ज्योतीवर आपण वर्षानुवर्षे तीच खूण पाहिली.

आता ती 'सरकवा आणि फिरवा' युक्ती. घरातला बल्ब बदलताना आपण काय करतो? पितळी टोपीच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक खुंट्या असतात. त्या होल्डरच्या खाचेत घालायच्या, आत दाबायचे, जरा फिरवायचे. आतल्या स्प्रिंगा बल्बला बाहेर ढकलतात आणि खुंट्या खाचेत अडकून बसतात. बाजारात आपण त्याला 'पिनचा बल्ब' म्हणतो. त्याचे जगभरचे नाव 'बायोनेट कॅप', कारण ही खाच संगिनीची आहे. टोपीवर किंवा खोक्यावर 'बी 22' लिहिलेले असते. बी म्हणजे बायोनेट, 22 म्हणजे टोपीची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आट्यांचा बल्ब, 'ई 27'. त्यातला ई म्हणजे एडिसन. अमेरिकेत आटे चालतात, इंग्रजांनी पिन वापरली, म्हणून आपल्याकडे अजून पिनच जास्त. पिनचा एक फायदा असा की हादऱ्यांनी ती सैल होत नाही. मोटारीच्या आणि स्कूटरच्या इंडिकेटरचे बल्ब बघा, बरेच याच जातीचे. फक्त बदलताना आधी बटण बंद करा आणि बल्ब निवू द्या. होल्डरमधल्या त्या दोन स्प्रिंगांत वीज असते, त्यांना बोट लावायचे नाही, हे लहानांना जरूर सांगा.

हीच युक्ती आणखी कुठे कुठे आहे! लग्नात फोटोवाला कॅमेऱ्याची लेन्स 'खट' करून फिरवून काढतो, तो बायोनेट जोड. गल्लीतल्या सीसीटीव्हीच्या जाड काळ्या वायरीच्या टोकाला जे फिरवायचे धातूचे टोपण असते, ते 'बीएनसी'. त्यातला बी पुन्हा बायोनेटचा, एन आणि सी हे नील आणि कॉन्सेलमन या दोन अभियंत्यांचे. नाक-कान-घशाचे डॉक्टर जो दोनदा वाकवलेला चिमटा वापरतात, त्यालाही बायोनेट चिमटा म्हणतात. त्याचा आकार असा की डॉक्टरांचा हात मध्ये येत नाही आणि आत नीट दिसते. मुलाने नाकात काही घातले तर ते काढायलाही असा चिमटा कधीकधी उपयोगी पडतो. बागेत टोकदार पानांची यक्का नावाची झाडे असतात, त्यांतल्या एका जातीला इंग्रजीत 'स्पॅनिश संगीन' म्हणतात. तिच्याजवळ लहान मुलांना खेळू देऊ नये, एवढा अर्थ त्या नावातून घ्यावा.

हे सगळे आम्ही दुसऱ्या दिवशी भाच्याला सांगितले. आम्ही म्हणालो, "गुरुजींशी वाद घालू नकोस. मराठी निबंधात 'गंभीर' लिही, ते बरोबरच आहे. पण दादी चुकल्या असं म्हणू नकोस. एका शब्दाला दोन दारं असतात. शाळेत एका दारानं जायचं, घरात दुसऱ्या."

तो म्हणाला, "मग दोन्ही बरोबर कसं?"

आम्ही त्याला किलीक्रँकीची गोष्ट पुन्हा सांगितली. बुचाची संगीन ठोकली की बंदुकीचे तोंड बंद होते. घरात कोणाला 'तुमचं चुकीचं' असे टोचून बोललो की तसेच होते. पाते लागते, पण बोलणे थांबते. दादी काल रात्रभर बोलल्या नाहीत, ते यामुळे.

अर्धा गुण परत मिळाला नाही. त्याने तो मागितलाही नाही. संध्याकाळी मगरिबनंतर स्वयंपाकघरातला दिवा गेला. दादींनी हाक मारली, "अरे, बल्ब लगा दे, अंधेरे में मामला संगीन हो गया!" तो स्टुलावर चढला, आधी बटण बंद आहे ना ते पाहिले, बल्ब दाबला, फिरवला. उजेड झाला. दादींनी तव्यावरची रोटी उतरवली आणि म्हणाल्या, "और एक ले."

वाचकहो, तुमच्या घरात असे दोन दारांचे शब्द कोणते आहेत? दादी-नानींकडून ऐकलेला आणि शाळेत खोडला गेलेला एखादा शब्द आम्हाला जरूर कळवा. पुढच्या बैठकीत 'पासंग' तराजूत टाकून पाहू, इन्शाअल्लाह.